१५ फेब्रुवारी २०२४ : निवडणूक रोखे रद्द

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या दिवशी निवडणूक रोखे योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. एक हजारापासून एक कोटी रुपयांपर्यंतचे हे रोखे देणगीदाराने स्टेट बँकेतून घेऊन पक्षाला द्यायचे, पक्षाने पंधरा दिवसांत वटवायचे. रोख्यावर देणाऱ्याचे नावच नसे. पक्षाला पैसा कोण पुरवतो हे मतदारापासूनच लपवणे मुळात अन्यायाचे होते. न्यायालयाने तपशील जाहीर करायला लावले, हे फार मोलाचे काम झाले. प्रचाराचा खर्च भागवायचा कसा, हा प्रश्न मात्र उरलाच. १९९८ मध्ये नेमलेल्या इंद्रजित गुप्ता समितीने मान्यताप्राप्त पक्षांना इंधन, कागद अशा वस्तुरूपात सरकारी मदत सुचवली होती. त्या शिफारशी बहुतांशी कागदावरच आहेत.