आमवात आणि कान : प्रस्तावना

हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झाले. हे पुस्तक हाती घेणाऱ्यांत तिथले विद्यार्थी असतील, गावोगाव फिरणाऱ्या आशाताई असतील आणि स्वतः आमवात सोसणारे वाचकही असतील.

वसमतच्या शिवारात हळद वेचणाऱ्या बाईची बोटे सकाळी तासभर मिटेनाशी झाली, की लक्ष सांध्यांकडे जाते, आणि ते योग्यच. पण काही वर्षांनी तीच बाई पुन्हापुन्हा "काय म्हणलं?" विचारू लागली, तर घरचे म्हणतात, वय झालं. दवाखान्यातही तो विषय सहसा निघत नाही. तो निघायला हवा, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे असतात. रिकीब तर जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातले सर्वांत लहान हाड. या हाडांना जोडणारे दोन सांधे बोटांच्या सांध्यांच्याच जातीचे आहेत. आतून तसेच अस्तर, तसेच वंगण. आमवाताचा मारा याच अस्तरावर असतो. मग कानातले सांधेही आखडत असतील का? लंडनचे संधिवाततज्ज्ञ कोपमन यांनी १९६३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा प्रश्न मांडला. शंका रास्त होती. तरी पुढच्या तपासण्यांत अधिक वेळा सापडला तो आतल्या कानाचा बिघाड. त्यात उंच पट्टीचे स्वर आधी हरवतात. बोलणे ऐकू येते, पण 'स', 'श' निसटल्याने शब्द लागत नाही. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दाह आणि बिथरलेली प्रतिकारशक्ती ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. या विषयातला सर्वांत रंजक भाग मला हाच वाटतो: शरीररचना एकीकडे बोट दाखवते आणि रुग्ण दुसरीकडे.

औषधांचाही वाटा असतो. मोठ्या मात्रेतल्या ॲस्पिरिनने कान वाजतात, ऐकू कमी येते. मात्रा उतरवली की बहुधा पूर्ववत होते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनमुळे क्वचितच इजा होते, पण ती राहू शकते. वय आणि गोंगाट यांचा परिणाम वेगळा काढणे कठीण, म्हणून निरनिराळ्या अभ्यासांचे आकडे जुळत नाहीत.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोपडा आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघरी पाहणी केली. तिथे दोनशे प्रौढांमागे सुमारे एकाला आमवात आढळला. तेच प्रमाण धरले, तर २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाख लोकसंख्या असलेल्या हिंगोली जिल्ह्यात असे काही हजार रुग्ण असावेत. त्यांच्या कानांची पद्धतशीर तपासणी हे इथल्या तरुण डॉक्टरांनी अंगावर घ्यावे असे काम आहे.

आमवाताचे निदान होताच एकदा श्रवणचाचणी करून तिची नोंद ठेवा, म्हणजे पुढची घट मोजता येईल. आणि एका कानाने दोन-तीन दिवसांत अचानक ऐकू येईनासे झाले, तर कानात तेल घालत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.