ग्राहकाची वही कोणाकडे?

मंडळी, आजचा विषय डिजिटल मार्केटिंगचा आहे, पण सुरुवात किराणा दुकानापासून करू.

जुना वाणी तेल, साखर, गूळ विकायचा, हे तर झालंच. पण त्याचं खरं भांडवल त्याच्या डोक्यात असे. कुठल्या घरात एकादशीला साबुदाणा लागतो, कोणाचा पगार कधी होतो, कोणाला किती दिवस उधारी द्यायची, हे त्याला पाठ असायचं. डोक्यात मावेना ते वहीत जायचं. आज कंपन्या 'पर्सनलायझेशन' म्हणतात ते याहून फार वेगळं नाही. डिजिटल तंत्रज्ञानाने ग्राहकाला ओळखणं शोधून काढलं नाही. मध्यंतरी हरवलेली ती ओळख त्याने परत आणली, मात्र फार वेगळ्या रूपात.

हरवली कशी? 1916 साली अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्सने 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं. तिथे ग्राहकाने फळीवरचा माल स्वतः उचलायचा आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. माल स्वस्त झाला, निवड वाढली. पण काउंटरपलीकडचा ओळखीचा माणूस गेला, आणि त्याच्याबरोबर दुकानाची स्मरणशक्तीही गेली. मग गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं? वर्तमानपत्रातून, रेडिओवरून, टीव्हीवरून. म्हणजे सगळ्यांना एकच जाहिरात, एकाच आवाजात.

स्मरणशक्ती परत यायला सुरुवात झाली ती यंत्रामुळे. 26 जून 1974 रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात 'मार्श' सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगमचं एक पाकीट स्कॅन झालं. आपण आज सगळीकडे पाहतो त्या बारकोडची ती पहिली विक्री. आता कोणती वस्तू किती खपली हे दुकानाला लगेच कळू लागलं. ती कोणी घेतली, हे मात्र अजून कळत नव्हतं.

ते कळलं कार्डामुळे. 1995 साली ब्रिटनमध्ये 'टेस्को'ने क्लबकार्ड आणलं. कार्ड दाखवा, पॉइंट मिळवा. ग्राहकाला थोडी सूट मिळाली आणि कंपनीला प्रत्येक घराची यादी. कार्डाच्या चाचणीचे आकडे पाहून टेस्कोचे अध्यक्ष मॅकलॉरिन म्हणाले होते म्हणतात, की मला तीस वर्षांत ग्राहकांबद्दल जे कळलं नाही ते यांना तीन महिन्यांत कळलं.

त्याच सुमारास, 1994 मध्ये, नेटस्केप कंपनीत लू माँटुली या अभियंत्याने 'कुकी' तयार केली. वेबसाइटला स्वतःची आठवण नसते. तुम्ही दुसऱ्या पानावर गेलात की तिच्या लेखी तुम्ही नवे. मग खरेदीची टोपली लक्षात ठेवायची कशी? त्यासाठी तुमच्याच संगणकावर एक छोटी चिठ्ठी ठेवायची, अशी ती युक्ती. पुढे जाहिरात कंपन्यांनी हीच चिठ्ठी वापरून एका साइटवरून दुसऱ्या साइटवर ग्राहकाचा माग काढायला सुरुवात केली. एकदा कुकर पाहिला की आठवडाभर कुकरच समोर येतो, त्याची मुळं इथे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, वाण्यालाही सगळं माहीत होतंच की! होतं. पण तुम्हाला वाणी माहीत होता. त्याची वही काउंटरवर असायची आणि "जरा माझा हिशेब दाखवा हो" म्हणता यायचं. निदान तशी अपेक्षा तरी होती.

ती अपेक्षा मोडते तेव्हा काय होतं, हे आपल्याकडे घडून गेलंय. पुणे जिल्ह्यातलं सुपे हे बाजाराचं गाव. 12 मे 1875 रोजी आसपासचे शेतकरी तिथे जमले आणि दुकानदार-सावकारांकडे त्यांनी वह्या आणि कर्जरोखे मागितले. ते जाळले. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या. कापसाचे पडलेले भाव, वाढलेला शेतसारा, आटलेली पत, अशी कारणं होतीच. पण राग वहीवर का निघाला? कारण आपल्या नावावर काय लिहिलंय ते बहुतेकांना वाचता येत नव्हतं, आणि कोर्टात मात्र तेच लिहिलेलं चालायचं. चार वर्षांनी, 1879 मध्ये, सरकारने 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' केला. त्यात शेतकऱ्याला पावती आणि हिशेबाचा उतारा मागायचा हक्क दिला गेला.

कर्जाची वही आणि खरेदीची नोंद एक नव्हे, हे मान्य. रोख्यापायी जमीन जायची. जाहिरातीपायी तशी जात नाही. पण माझ्याबद्दल काय लिहिलंय हे मला दिसलं पाहिजे, हा प्रश्न तोच आहे. म्हणून 2023 सालच्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. त्या वर्षी मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानांना सांगितलं, की बिल करताना मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका. आणि ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. आपली कोणती माहिती कंपनीकडे आहे आणि ती आणखी कोणाला दिली, हे विचारायच्या हक्काची तरतूद त्यात आहे.

1879 चा हक्कही कागदावर आला, पण ज्याला वाचताच येत नव्हतं त्याच्या हाती तो उतारा देऊन भागत नव्हतं. आज आपण साक्षर आहोत, तरी ॲपच्या अटी न वाचता 'मान्य' दाबतो. तेव्हा पुढच्या वेळी काउंटरवर कोणी नंबर मागितला, तर एवढंच विचारा: "कशासाठी हवाय?" वाण्याला आपण हे बिनधास्त विचारत होतोच की.