आमदाराचे पहिले काम सभागृहातले

निवडणूक जवळ आली की नाक्यानाक्यावर ‘कार्यसम्राट’ आमदारांचे फलक लागतात आणि घरोघरी गुळगुळीत कागदावरचा कार्यअहवाल येऊन पडतो. त्यात आणलेल्या निधीचा गाववार हिशेब असतो. सभामंडप, पाणंद रस्ते, हायमास्ट दिवे, पेव्हर ब्लॉक, स्मशानभूमीची शेड यांची छायाचित्रे असतात. विधानसभेने पाच वर्षांत कोणते कायदे केले आणि या आमदाराने कोणत्या बाजूने मत दिले, हे सांगणारे पान मात्र नसते. मतदारही ते मागत नाही. आमदाराला त्याच्या मताबद्दल, विशेषतः पुराणमतवादी मताबद्दल, जाब विचारण्यात अर्थ नाही, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत समाजातल्या सर्वांत दुबळ्या माणसांनी मोजली आहे, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो मांडणाऱ्यांत विचारी माणसेही आहेत. ते म्हणतात: लोक आमदाराला कामासाठी निवडून देतात आणि काम म्हणजे मतदारसंघातले काम. सभागृहातले मत त्याचे नसतेच, पक्षाचे असते. व्हिप मोडला तर पक्षांतरबंदी कायद्याखाली आमदारकी जाते. पुराणमतवादी कायदे पुष्कळदा एकमताने होतात. मग एकट्याला जाब कसा विचारणार? आणि प्रत्येक मत चव्हाट्यावर आले, तर आमदार विवेक सोडून झुंडीच्या भीतीने मत देईल.

पहिला मुद्दा घेऊ. रस्ते, गटारे, दिवे, पाणी ही कामे महत्त्वाची आहेत, यात शंका नाही. पण ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने ती पंचायती आणि नगरपालिकांच्या कार्यक्षेत्रात ठेवली. अकराव्या अनुसूचीत त्यासाठी २९ विषय दिले, बाराव्या अनुसूचीत १८. २०२२ नंतर राज्यातल्या कित्येक महापालिका वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या आणि नगरसेवकाचे काम आमदाराच्या दारी आले, हेही खरे. म्हणून आमदाराचे काम बदलत नाही. राज्यसूचीतल्या विषयांवर कायदे करणे, अर्थसंकल्प मंजूर करणे आणि मंत्रिमंडळाला जाब विचारणे, ही कामे त्याच्याशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी रुपये आहे. राज्याचा २०२५-२६चा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटींचा होता. पाच कोटींचा हिशेब आपण खडान्‌खडा मागतो. सात लाख कोटींना त्याने काय पाहून संमती दिली, हे विचारत नाही.

दुसरा मुद्दा व्हिपचा. घटनेची दहावी अनुसूची पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याला किंवा गैरहजर राहणाऱ्याला अपात्र ठरवते, हे खरे. पण प्रत्येक विधेयकावर व्हिप निघतोच असे नाही. निघाला तरी पक्षाने आधी परवानगी दिली किंवा १५ दिवसांत वर्तन माफ केले, तर अपात्रता येत नाही. शिवाय किहोटो होलोहान खटल्यात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, या तरतुदीचा अर्थ मर्यादित घ्यावा. सरकारवरचा विश्वास किंवा पक्षाच्या धोरणाचा अविभाज्य भाग असलेला विषय, एवढ्यापुरताच तिचा जाच असावा. दिनेश गोस्वामी समितीनेही १९९० मध्ये हा पाश मोजक्या प्रसंगांपुरता मर्यादित करण्याची शिफारस केली होती. विधेयकावर बोलण्याला, दुरुस्ती सुचवण्याला, पक्षाच्या बैठकीत भांडण्याला तर कायद्याने कोणी अडवलेलेच नाही. आणि व्हिप होता असे मानले तरी उत्तरदायित्व संपत नाही. ‘पक्षाने सांगितले म्हणून मी मत दिले’ हेसुद्धा एक उत्तर आहे. ते आमदाराच्या तोंडून, त्याच्या मतदारांसमोर यायला हवे.

तिसरा मुद्दा एकमताचा. तो सर्वांत फसवा आहे, म्हणून तिथे जरा थांबले पाहिजे.

जुलै २००५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने मुंबई पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून डान्सबारवर बंदी घातली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. दोन्ही सभागृहांनी विधेयक एकमताने संमत केले. कलम ३३अ ने बीअर बार, परमिट रूम आणि उपाहारगृहांतले नृत्य बंद झाले; कलम ३३ब ने तीन तारांकित व त्यावरची हॉटेले, क्लब आणि जिमखाने यांना सूट दिली. नीतिमत्तेचा हा कायदा गिऱ्हाइकाचा खिसा बघून लागू होत होता. बारबालांना पर्यायी रोजगार कोण देणार, याची तरतूद कायद्यात नव्हती. सुमारे ७५ हजार स्त्रियांची रोजीरोटी गेल्याचे न्यायालयापुढे मांडले गेले. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. समानता आणि व्यवसायस्वातंत्र्य, दोन्हींचा भंग झाला होता.

यानंतर विधिमंडळाने काय केले? जून २०१४ मध्ये बंदी पुन्हा आणली, या वेळी तारांकित हॉटेलांसह. विधेयक चर्चेविना, एकमताने संमत झाले. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. एप्रिल २०१६ मध्ये तिसरा कायदा आला, तोही एकमताने. धार्मिक स्थळापासून आणि शाळेपासून एक किलोमीटर अंतराची अट घालणारा. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्यातल्या या आणि इतर अनेक अटी रद्द केल्या.

हा क्रम नीट पाहा. २००५, २०१४ आणि २०१६ या तीन वेगवेगळ्या विधानसभा होत्या. पहिल्या दोन वेळा काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते, तिसऱ्या वेळी भाजप-शिवसेनेचे. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणारे आणि संस्कृतिरक्षणाची भाषा करणारे एकाच बाजूला उभे होते. गरीब, बहुतांशी दलित-बहुजन आणि भटक्या समाजांतून आलेल्या स्त्रियांच्या पोटावर पाय देणारा कायदा तीनदा झाला आणि त्याला विरोध करणारे एकही मत नोंदले गेले नाही. एकमताचा अर्थ जबाबदारी कोणाचीच नाही, असा होत नाही. २८८ आमदारांच्या सभागृहात एकमत झाले तर जबाबदाऱ्याही २८८ होतात. बंदी योग्यच होती असे ज्याला आजही वाटते, त्याने तसे सांगावे. ज्याला तेव्हाही पटले नव्हते, त्याने गप्प का बसलो ते सांगावे. आपण विचारलेच नाही, म्हणून दोघेही सुटले.

हे सुटणे शक्य होते ते आपल्या पद्धतीमुळे. विधेयक मतास टाकले जाते, ‘होय’ आणि ‘नाही’चे आवाज उठतात, पीठासीन अधिकारी ‘होय’चे बहुमत जाहीर करतात आणि विधेयक संमत होते. कोणी मतविभागणी मागितली नाही, तर कार्यवाहीच्या वृत्तांतात कोणाचेही नाव येत नाही. १० जुलै २०२५ रोजी विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत असेच आवाजी मतदानाने संमत झाले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे एकमेव आमदार विनोद निकोले यांनी विरोध नोंदवला. पुढे ज्या पक्षांनी सभागृहाबाहेर त्या कायद्याविरुद्ध आवाज उठवला, त्यांच्या विधानसभेतल्या आमदारांपैकी कोण कुठे उभा होता, हे सांगणारी नावांची यादी नाही.

नावे नोंदवणे अवघड असते, असेही नाही. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी फडणवीस सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! २६ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणी खुल्या मतदानाने घ्या आणि तिचे थेट प्रक्षेपण करा, असा आदेश दिला. उद्धव ठाकरे सरकारची चाचणी शिरगणतीने झाली, बाजूने १६९. जुलै २०२२ मध्ये एकनाथ शिंदे सरकारच्या बाजूने १६४ आणि विरोधात ९९. खुर्चीचा प्रश्न आला की प्रत्येक आमदार उभा राहून मोजला जातो; सामान्य माणसाच्या आयुष्याला हात घालणारा कायदा आला की सारे आवाजात विरघळतात. ही अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे.

कायदा आमदारापेक्षा जास्त जगतो, हेही लक्षात घ्या. बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी घालणारी दुरुस्ती विधिमंडळाने १९९५ साली केली. तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ मध्ये. भाकड बैल बाजारात नेणारा शेतकरी आणि कातड्यावर जगणारा कारागीर वीस वर्षांनी त्या मताचा धनी झाला. तोवर मत देणाऱ्यांपैकी कित्येक राजकारणातून बाहेर पडले होते. म्हणून मताची नोंद मत दिले त्याच दिवशी झाली पाहिजे.

चौथा आक्षेप खरोखर वजनाचा आहे. मतांची नोंद असली की दबावगट गुणपत्रिका बनवतात आणि आमदार त्या गुणांसाठी मत देऊ लागतो. अमेरिकेत हे घडते. पण तिथलाच ॲरिझोनाचा दाखला पुरता पाहू. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८६४ सालचा गर्भपातबंदी कायदा लागू होऊ शकतो, असा निकाल दिला. ॲरिझोनाला राज्याचा दर्जा मिळाला १९१२ मध्ये. हा कायदा त्याहून जुना. दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचे निसटते बहुमत होते. तरी कायदा रद्द झाला, प्रतिनिधीगृहात ३२ विरुद्ध २८ आणि सिनेटमध्ये १६ विरुद्ध १४ मतांनी. प्रतिनिधीगृहातल्या तीन आणि सिनेटमधल्या दोन रिपब्लिकन सदस्यांनी पक्षाची रेघ ओलांडली. शॉना बोलिक या सिनेटरनी स्वतःच्या गरोदरपणातल्या अनुभवांसह सभागृहात सविस्तर कारणे दिली आणि त्याच वर्षी त्या निवडून आल्या. डेव्हिड कुक या दुसऱ्या सदस्याचा सिनेटसाठीच्या पक्षांतर्गत निवडणुकीत पराभव झाला. नोंद असली की पुराणमतवादी मतदारही जाब विचारू शकतो, उदारमतवादीही. झुंडीचा धोका मताची नोंद ठेवल्याने येत नाही, नोंदीतून कारण गाळून नुसता आकडा उरवल्याने येतो. त्यावर उपाय अंधार नाही. मताबरोबर कारण मागणे हा आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुराणमतवादी असणे हा अपराध नाही. १८९१च्या संमतिवयाच्या विधेयकाला लोकमान्य टिळकांनी विरोध केला, तो ‘केसरी’तून आणि उघडपणे. त्यामुळे आगरकरांना ‘सुधारक’मधून त्याचा प्रतिवाद करता आला आणि आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही आपण टिळकांच्या त्या भूमिकेची चिकित्सा करू शकतो. १९०१ मध्ये जमीन महसूल विधेयकाच्या निषेधार्थ फिरोजशहा मेहता आणि गोखले मुंबई कायदेमंडळातून उठून बाहेर पडले, तेव्हाही कोण उठले आणि कोण बसून राहिले हे सर्वांना दिसले. परकी सत्तेच्या, जेमतेम अधिकार असलेल्या मंडळात जे शक्य होते, ते स्वतंत्र महाराष्ट्राच्या विधानभवनात अशक्य ठरावे, हे मान्य करता येत नाही.

आता माझा पक्ष. घटनेच्या अनुच्छेद १९४ नुसार आमदाराला सभागृहातल्या भाषणाबद्दल वा मताबद्दल कोणत्याही न्यायालयात खेचता येत नाही. मार्च २०२४ मध्ये सीता सोरेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लाच घेऊन दिलेल्या मताला हे कवच नाही, असे ठरवले. प्रामाणिक मताचे कवच अबाधित आहे आणि ते तसेच असावे. पण याचा सरळ अर्थ असा की, मताचा जाब विचारणारी एकच जागा उरते: मतदार. मत मतदाराला दिसलेच नाही, तर त्याचा जाब जगात कुठेच विचारला जात नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक विधेयकाच्या तिसऱ्या, म्हणजे अंतिम, वाचनावर नावानिशी मतदान व्हावे आणि ती नोंद त्याच दिवशी प्रसिद्ध व्हावी. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. अनुच्छेद २०८ प्रमाणे सभागृह आपले कामकाजाचे नियम स्वतः करते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या घटनेतच अशी तरतूद आहे की, विधेयक अंतिम संमतीला आले की मतदान करणाऱ्यांची नावे आणि मते सभागृहाच्या नोंदवहीत लिहिलीच पाहिजेत. बेळगावात वाढलेले, ‘ही श्रीची इच्छा’ या आत्मकथेमुळे मराठी वाचकांना परिचित असलेले श्री ठाणेदार २०२१ पासून दोन वर्षे त्याच राज्याच्या प्रतिनिधीगृहात होते. विधेयकांवरची त्यांची मते डेट्रॉइटच्या मतदाराला नावानिशी वाचता येतात. बेळगावपासून काही तासांवर असलेल्या कोल्हापूरच्या मतदाराला आपल्या आमदाराचे मत तसे वाचता येत नाही.

नियम बदलेपर्यंत आपणही हातावर हात ठेवून बसू नये. पुढच्या वेळी उमेदवार दारी आला की रस्त्याबद्दल विचाराच. पण त्याबरोबर गेल्या पाच वर्षांतला एक कायदा निवडा, त्याचे नाव घ्या आणि विचारा: तुम्ही या विधेयकाला ‘होय’ म्हणालात की ‘नाही’, आणि का? जो उत्तर देईल त्याच्याशी वाद घाला, मतभेद असले तरी त्याचा मान ठेवा. जो उत्तर टाळेल, त्याला आपले मत देऊ नका.