परभाषेची शिदोरी

घरातलं मूल परदेशी शिकायला निघालं की पहिली बोलणी होतात ती पैशाची. मग पासपोर्ट, मग गरम कपडे, मग लोणच्याची बरणी. यात चुकीचं काहीच नाही. परंतु जे शिकायला जायचं ती त्या देशाची भाषाच असेल, तर आणखी एक तयारी लागते, आणि ती बाजारात विकत मिळत नाही. ती तयारी कोणती, हे इटलीच्या इतिहासात फार चांगले पाहायला मिळते. कारण इटालियन भाषा शिकण्यासाठी परदेशी माणसे इटलीत जाऊ लागली, त्याला चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

सोळाव्या शतकात युरोपात इटालियन भाषेचा मोठा मान होता. व्यापार, हुंड्या, संगीत, चित्रकला, राजदरबार, सगळीकडे तिची गरज पडे. जर्मन मुलखातले तरुण कायदा शिकायला इटलीतल्या विद्यापीठांत येत. तिथले वर्गातले शिक्षण लॅटिनमधून चाले. पण बाजारात, खाणावळीत आणि पुढे नोकरीत लॅटिन काय कामाचे? सिएना येथे अशा जर्मन विद्यार्थ्यांची मोठी वस्ती होती. त्यांच्यासाठी तुस्कनीचा ग्रँड ड्यूक पहिला फेर्दिनांदो याने १५८८ साली तिथल्या विद्यापीठात 'तुस्कन भाषे'चे अध्यापनपद निर्माण केले. दिओमेदे बोर्गेझी हे त्या पदावरचे पहिले अध्यापक. बोलभाषा ही विद्यापीठात शिकवण्याजोगी गोष्ट आहे, हे त्या काळी मान्य होणे ही साधी बाब नव्हती.

आता कोणी विचारील, 'तुस्कन' का? 'इटालियन' का नाही? याचे उत्तर आपल्या शिक्षकांना चटकन कळेल. आपल्याकडे वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणारी मुले शाळेत येऊन पुस्तकी मराठी शिकतात. इटलीत तर प्रत्येक शहराची बोली वेगळी. व्हेनिसचा माणूस एक बोले, नेपल्सचा दुसरेच. लिहिण्याची भाषा म्हणून मान मिळाला तो तुस्कनी प्रांतातल्या, विशेषतः फ्लॉरेन्सच्या भाषेला. तिथे १५८३ साली 'क्रुस्का' नावाची विद्वत्सभा स्थापन झाली आणि तिने १६१२ साली मोठा शब्दकोश छापला. 'क्रुस्का' म्हणजे कोंडा. कोंडा चाळून पीठ ठेवावे तशी भाषा निवडायची, असा त्यामागचा भाव.

आणि गंमत पाहा. पुढे खुद्द इटलीतल्या माणसांनासुद्धा इटालियन शिकायला प्रवास करावा लागला! मान्झोनी हा मिलानचा कादंबरीकार. आपली कादंबरी छापून झाल्यावर १८२७ साली तो कुटुंबासह फ्लॉरेन्सला गेला, तिथल्या लोकांचे जिवंत बोलणे ऐकले आणि नंतर सगळी कादंबरी नव्याने सुधारून १८४० ते १८४२ या काळात पुन्हा छापली. १८६१ साली इटली एक राष्ट्र झाले, तेव्हा नेमकी किती माणसे इटालियन बोलू शकत होती, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. कोणी शेकडा अडीच म्हणतात, कोणी शेकडा दहाच्या आसपास. कोणताही आकडा धरा. बाकीच्यांच्या तोंडी आपापली बोलीच होती.

अशा देशात परका माणूस कोणत्या तयारीने जाई? दोन माणसांची हकीकत सांगतो. दोघेही कवी, आणि दोघांचीही तयारी वडिलांच्या घरात झालेली.

पहिला इंग्रज कवी मिल्टन. तो १६३८ साली इटलीला निघाला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. त्याच्या वडिलांनी त्याला शाळेतल्या भाषांखेरीज फ्रेंच आणि इटालियनही शिकायला उत्तेजन दिले होते. इटलीचा किनारा पाहण्याच्या कितीतरी आधी तो इटालियनमध्ये कविता लिहू लागला होता. निघताना त्याने सर हेन्री वॉटन यांचा सल्ला घेतला. हे गृहस्थ व्हेनिसला इंग्लंडचे वकील म्हणून राहिलेले. त्यांनी पत्रातून वाट सांगितली आणि वर एक व्यवहाराची गोष्ट सांगितली: चेहरा मोकळा ठेवावा, मनातले विचार मात्र आवरून ठेवावेत. त्या काळी धर्माच्या भांडणात परक्या माणसाचा एखादा शब्दही महागात पडे.

फ्लॉरेन्सला पोचल्यावर मिल्टनने काय केले? तो तिथल्या विद्वानांच्या सभांतून बसू लागला. ब्वोनमात्तेई नावाचे पंडित तेव्हा इटालियन व्याकरण लिहीत होते. मिल्टनने १६३८ च्या सप्टेंबरात त्यांना पत्र लिहून विनंती केली, की आम्हा परक्यांसाठी उच्चाराविषयी थोडे लिहा, आणि मोठ्या लेखकांच्या पाठोपाठ आणखी कोणाला वाचावे तेही सांगा. पाहा, विद्यार्थी व्याकरणकाराला सांगतो आहे की आमचे अडते कुठे! ज्याने घरी अभ्यास केलेला असतो त्यालाच आपले नेमके कुठे अडते हे ठाऊक असते. तयारी न केलेल्या माणसाचे सगळेच अडते, म्हणून त्याला विचारायलाही काही सुचत नाही.

दुसरा जर्मन कवी गटे. त्याचे वडील १७४० साली इटलीत फिरून आले होते. त्या प्रवासाची हकीकत ते पुढे कित्येक वर्षे लिहीत होते, आणि तीही जर्मनमध्ये नव्हे, इटालियनमध्ये. जोव्हिनात्सी नावाचे एक आनंदी म्हातारे इटालियन शिक्षक त्यांना मदत करीत. हे शिक्षक घरी गाणी म्हणत आणि गटेची आई वाद्यावर साथ करी. भिंतींवर रोमची चित्रे टांगलेली. गटेला लहानपणी खोलीत बसून लॅटिन शब्द पाठ करावे लागत, आणि त्याच खोलीत वडील त्याच्या बहिणीला, कोर्नेलियाला, इटालियन शिकवीत. आपले पाठांतर लवकर उरकून हा मुलगा पुस्तकावर डोळे ठेवून कान तिकडे लावी. इटालियन त्याला अशी आली: दुसऱ्याच्या शिकवणीतून, कानावाटे.

त्यानंतर बरीच वर्षे गेली. गटे मोठा कवी झाला, वायमार संस्थानात मंत्री झाला. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ३ सप्टेंबर १७८६ रोजी पहाटे तीन वाजता, कार्ल्सबाद गावातून तो कोणाला न सांगता निघाला. बरोबर एक प्रवासी पेटी आणि एक कातडी पिशवी, एवढेच. नाव बदलून 'म्यॉलर' असे घेतले. तो कुठे चालला हे माहीत होते एका विश्वासू नोकराला. आठवडाभराने तो रोव्हेरेतो गावी पोचला. इथून पुढे जर्मन भाषा संपते. गाडीवान इटालियन, खाणावळवाल्याला जर्मनचा शब्द येत नाही. दुसरा घाबरला असता. गटेला आनंद झाला. इतकी वर्षे मनात जपलेली भाषा आता जिवंत होऊन रोजच्या व्यवहाराची झाली, असे त्याने टिपून ठेवले आहे.

दोनच दिवसांनी या भाषेची परीक्षा झाली. गार्दा सरोवरातून नावेने जाताना वारा उलटा सुटला आणि नाव माल्चेझिने गावी लावावी लागली. सकाळी गटे तिथल्या पडक्या किल्ल्याचे चित्र काढीत बसला. भोवती माणसे जमली. एकाने पुढे होऊन चित्राचा कागद फाडून टाकला. हा मुलूख व्हेनिसचा आणि जवळच ऑस्ट्रियाची सरहद्द. बादशहाचा हेर आला, असा गवगवा झाला. गावचा अधिकारी कारकुनाला घेऊन आला. अशा वेळी दुभाषी कुठून आणायचा? गटेने स्वतःच इटालियनमध्ये गर्दीला समजावले: मी फ्रांकफुर्टचा, आमचे शहर कोणा राजाचे नव्हे, आणि जुन्या इमारती पाहणे हा माझा छंद. फ्रांकफुर्टला नोकरी करून आलेला ग्रेगोरिओ नावाचा एक माणूस गावात होता, त्याला बोलावून आणले. गटेने त्याला फ्रांकफुर्टमधल्या इटालियन व्यापारी घराण्यांची खुशाली सांगितली. माणूस खरा आहे, अशी ग्रेगोरिओची खात्री पटली आणि गटे सुटला. लहानपणी कानावर पडलेले शब्द तिथे उपयोगी पडले.

याउलट अठराव्या शतकात इंग्लंडचे अनेक श्रीमंत तरुण शिक्षक, नोकर आणि हुंड्या घेऊन इटलीत जात. रोमला स्पेनच्या चौकाभोवती त्यांचा मुक्काम. शेजारी इंग्रज, कॉफीगृहही इंग्रजांचे. खर्च भरपूर, पण असे राहिल्यावर भाषा कशी येणार? खुद्द गटेही रोममध्ये जर्मन चित्रकारांच्या बिऱ्हाडीच राहिला. पण त्याच्या पदरी घरची शिदोरी होती, म्हणून त्याचे नडले नाही.

विसाव्या शतकात ही सोय सामान्य विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आली. सिएना येथे १९१७ साली परदेशीयांसाठी वर्ग निघाले. पेरुजा या डोंगरावरच्या शहरात आस्तोर्रे लुपात्तेल्ली या वकिलाने १९२१ साली असेच अभ्यासक्रम सुरू केले, आणि १९२५ साली त्यातून परदेशीयांचे विद्यापीठ उभे राहिले. या दोन्ही संस्था आज चालू आहेत. सिएनाची 'चिल्स' आणि पेरुजाची 'चेली' या त्यांच्या भाषापरीक्षा जगभर घेतल्या जातात.

आता आपल्याकडून कोणाला जायचे झाले तर? कागदपत्रे सांगून ठेवतो. नव्वद दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर शिक्षणाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो. त्यासाठी प्रवेशाचे पत्र, राहण्याची सोय, खर्चाच्या पैशाचा पुरावा आणि आरोग्यविमा दाखवावा लागतो. मुंबईला इटलीचा वकिलात-दफ्तरखाना आहे. नियम बदलत असतात, म्हणून तिथूनच ताजी चौकशी करावी. इटलीत पाऊल टाकल्यावर कामकाजाच्या आठ दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज द्यायचा, तो तिथल्या पोस्टात स्वीकारतात. खोली भाड्याने घ्यायला किंवा बँकेत खाते उघडायला कर-क्रमांक लागतो, तोही लवकर काढावा. या सगळ्या ठिकाणी खिडकीपलीकडचा कारकून बहुतेक इटालियनच बोलणार!

म्हणून खरी तयारी निघण्याच्या वर्षभर आधीची. आणि ती करताना इंग्रजीच्या आडवळणाने जाऊ नका. इटालियन 'त' हा आपल्या 'त'सारखा दाताला जीभ लावून म्हणायचा. 'तुत्तो' म्हणजे सगळे. इंग्रजीतून शिकणारा त्याचा 'टुट्टो' करतो. जोडाक्षराचा आघात त्यांच्याकडे अर्थ बदलतो: 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. मराठी मुलाला 'पती' आणि 'पत्ती' यांतला फरक शिकवावा लागत नाही, मग हेही जड जाऊ नये. निर्जीव वस्तूलाही लिंग असते, याचे आपल्याला नवल नाही. मोठ्या माणसाशी बोलताना 'तू' न म्हणता आदराचे वेगळे रूप वापरायचे, हेही आपल्या अंगवळणी पडलेले. आपल्या भाषेने अर्धी वाट आधीच चालून दिलेली आहे.

आता इटलीची नभोवाणी इंटरनेटवरून आपल्या गावातसुद्धा ऐकता येते. रोज अर्धा तास ऐकावी. पहिले काही महिने थोडेच कळेल, कळू द्या. ऐकलेले एक वाक्य मोठ्याने म्हणावे, वहीत लिहावे, शब्द लिंगासकट पाठ करावा. घरात धाकटं भावंड असेल तर त्यालाही जवळ बसवावं. ते आपला दुसराच अभ्यास करीत बसेल, पण त्याचा कान तिकडे असणार नाही असं कोणी सांगावं?