बालाघाटावरची शिल्लक

बीड शहराच्या दक्षिणेस, बालाघाटाच्या पठारावर, सोलापूर–धुळे महामार्ग आणि नगरकडून अहमदपूरकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, तेथे मांजरसुंबा वसले आहे. मन्मथस्वामींची समाधी असलेले कपिलधार जवळच असल्याने कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास येथून यात्रेकरूंची रीघ लागते, आणि एरवीही चौफुल्यावरची वर्दळ थांबत नाही. या परिसरातील कुटुंबे हाती उरलेले चार पैसे कोठे ठेवीत आली, याचा मागोवा घेतला असता असे दिसते की, येथे बचतीची वृत्ती कधीच कमी नव्हती. कमी होती ती विश्वासाने ठेव ठेवता येईल अशी जागा. शेतकरी लग्नकार्यांत उधळपट्टी करून कर्जात बुडतो, हे मत सरकारी कागदपत्रांत दीर्घकाळ वावरत राहिले. परंतु 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध झालेल्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेच लग्नखर्चाला अवाजवी महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले होते, आणि बालाघाटाच्या कोरडवाहू पट्ट्याला तो निष्कर्ष तितकाच लागू पडतो.

येथील सर्वांत जुनी बचत धान्याची होय. पर्जन्यछायेतील या मुरमाड पठारावर ज्वारी–बाजरीचे एक चांगले वर्ष पुढच्या एक-दोन वाईट वर्षांना पुरवावे लागे. त्यासाठी घरातील कणग्यांबरोबरच पेव, म्हणजे पाणी न झिरपणाऱ्या जमिनीत खणलेला खोल खड्डा, वापरला जाई. त्याच्या तळाशी व कडेने कडबा किंवा काड अंथरून वर दगडमातीने तोंड बंद केले की ज्वारी कित्येक वर्षे टिके. मात्र पेव उघडल्यावर आत साचलेली दूषित हवा निघून जाईपर्यंत कोणी उतरत नसे, कारण घाईने उतरलेला माणूस गुदमरून मरण्याचा धोका असे. हे धान्य निव्वळ पडून राहत नसे. पेरणीच्या वेळी गरजूला दिलेले धान्य सुगीत सवाईने, म्हणजे सव्वापट, किंवा दिढीने, म्हणजे दीडपट, परत येई. अर्थात आजच्या भाषेत जिला गुंतवणूक म्हणतात ती, मुद्दल धोक्यात घालून वाढ मिळविण्याची क्रिया, येथे पैशाच्या आधी धान्यात रूढ झाली होती. फरक इतकाच की तिचा लाभ पेव भरू शकणाऱ्या मोजक्या घरांना होई आणि बाकीची घरे त्या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला असत.

धान्यानंतर धातू आणि जनावरे. चांदीचे वाळे, गोठ, करदोडे आणि ऐपत असल्यास सोन्याची पुतळ्यांची माळ, हे अंगावरचे भांडवल होते. ते मोडता येई, गहाण टाकता येई आणि स्थलांतराच्या वेळी सोबत नेता येई. शेळीचे मोल याहून वेगळे, कारण आठवडी बाजारात ती एका दिवसात रोख होई आणि दागिना मोडल्याची बोच मागे उरत नसे. नाण्यांवर मात्र विसंबणे सोपे नव्हते. निजामाच्या राज्यात चारमिनारची मुद्रा असलेला हाली रुपया चाले, तर सरहद्दीपलीकडच्या नगर व सोलापूर जिल्ह्यांत ब्रिटिशांचा कल्दार रुपया, आणि त्यांचा दर साधारणपणे सात हालीस सहा कल्दार असा असे. सीमेलगतच्या शेतकऱ्याला प्रत्येक मोठ्या व्यवहारात हा बट्टा सोसावा लागे. भारतात हैदराबाद संस्थान सामील झाल्यानंतरच्या दशकात हाली चलन टप्प्याटप्प्याने बाद झाले, तेव्हा चांदीवरचा जुना भरवसा लोकांना अधिकच योग्य वाटला असल्यास नवल नाही.

ब्रिटिश मुलुखात टपाल खात्याची बचत बँक 1882 पासून होती. हैदराबाद संस्थानाचे टपाल खाते मात्र स्वतंत्र होते. सहकारी पतसंस्थांचा कायदा तेथे 1914 च्या सुमारास आला आणि हैदराबाद स्टेट बँकेचे कामकाज 1942 मध्ये सुरू झाले. तथापि राज्यकारभाराची भाषा उर्दू असल्याने मराठी कुणब्याच्या हाती पडणारा कागद त्याला स्वतःला वाचता येत नसे. जो कागद वाचता येत नाही त्यावर पैसा सोपविण्यापेक्षा जमिनीत पुरलेल्या ज्वारीवर भिस्त ठेवणे, यात अडाणीपणा पाहणाऱ्यांनी त्या काळचा कारभार नीट पाहिलेला नाही. पोकळी भरून काढली ती सावकाराने. 1951–52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सुमारे 70 टक्के सावकारांकडून आणि अवघे 3.1 टक्के सहकारी संस्थांकडून आल्याचे आढळले, आणि निजामी मुलुखातून आलेला मराठवाडा या सरासरीहून सुस्थितीत असण्याचे काहीच कारण नव्हते.

पुढची संस्थात्मक वाढ थोडक्यात सांगता येते. 1956 मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले व त्याच वर्षी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. 1969 मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. 1976 मध्ये नांदेड येथे मराठवाडा ग्रामीण बँक स्थापन झाली. परंतु शाखा उघडली म्हणून शिल्लक वाढते असे नाही. 1972 च्या दुष्काळाने पेवे रिकामी केली, जनावरे विकायला लावली आणि साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांचा प्रवाह दाट केला. ऊसतोडीचा व्यवहार हा बचतीच्या नेमका उलट आहे: हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते, एक जोडपे म्हणजे एक कोयता असा हिशोब होतो, आणि दसरा–दिवाळीनंतर गाव सोडून सहा महिने राबल्यावर उचल फिटली तर ठीक, नाही तर अंगावर राहिलेली बाकी पुढच्या हंगामात वळती होते. ज्या घराने येणाऱ्या वर्षाचे श्रम आधीच विकले आहेत, त्याला दरमहा काही बाजूला टाकण्याचा उपदेश करणे निरर्थक ठरते.

नाबार्डने 1992 मध्ये प्रायोगिक स्वरूपात बँकांशी जोडण्यास सुरुवात केलेल्या आणि पुढे महिला आर्थिक विकास महामंडळ व ‘उमेद’ अभियानाने महाराष्ट्रभर रुजविलेल्या बचत गटांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. दहा-वीस स्त्रियांनी दरमहा ठरावीक रक्कम जमा करावी, त्यातूनच एकमेकींना कर्ज द्यावे आणि वही सर्वांसमोर उघडावी, ही रचना सावकारीला गावातच पर्याय देते. मात्र हंगामात सभासद कारखान्यांवर गेल्या की बैठकींची घडी विस्कटते.

चौफुल्यावरचे बचतीचे गणित वेगळे आहे. हॉटेल, टपरी, पंक्चरचे दुकान यांची मिळकत रोजची असते, म्हणून तिला पिग्मी, म्हणजे दररोज थोडी रक्कम दारी येणाऱ्या एजंटाकडे देण्याची ठेव, सोयीची पडते. कर्नाटकातील उडुपी येथे उगम पावलेल्या सिंडिकेट बँकेने 1928 मध्ये रोज दोन आण्यांपासून सुरू केलेली ही पद्धत महाराष्ट्रात पतसंस्थांनी उचलली. येथे विश्वास संस्थेवर नसून ओळखीच्या एजंटावर असतो, आणि नेमकी हीच तिची ताकद व दुबळी बाजू होय. महामार्ग चौपदरी होताना भूसंपादनाच्या मोबदल्याने अनेक घरांत प्रथमच एकरकमी पैसा आला, तेव्हा जादा व्याज देऊ करणाऱ्या मल्टिस्टेट पतसंस्थांचे, म्हणजे 2002 च्या केंद्रीय कायद्याखाली एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या सहकारी संस्थांचे, आकर्षण वाढणे स्वाभाविक होते. बीड येथे मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांना 2023 च्या अखेरीपासून ठेवी परत मिळेनाशा झाल्या, गुन्हे दाखल झाले आणि प्रकरण तपास यंत्रणांकडे गेले. बँकांतील ठेवींना 1962 पासून विमा आहे. तेव्हा दीड हजार रुपये असलेली त्याची मर्यादा 2020 मध्ये पाच लाखांवर गेली आणि सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था मात्र त्याबाहेर राहतात, आणि पिग्मीचा एजंट कोणत्या संस्थेचा आहे यावर दुकानदाराच्या रोजच्या शंभर रुपयांना विमा आहे की नाही हे ठरते.