प्रवासी प्रकाशचित्रकाराची उपकरणनिवड : एक ऐतिहासिक विचार

जुन्या प्रकाशचित्रांचा साधन म्हणून उपयोग करणारा अभ्यासक चित्रात काय दिसते हे बारकाईने पाहतो. ते कोणी, कोठे व केव्हा घेतले याचीही नोंद करतो. मात्र ते कोणत्या यंत्राने घेतले, हा प्रश्न तो सहसा तंत्रज्ञांवर सोपवून मोकळा होतो. ही वाटणी सोयीची असली तरी योग्य नव्हे. घराबाहेर पडणाऱ्या प्रकाशचित्रकाराला किती ओझे न्यावयाचे, किती चित्रे घ्यावयाची आणि लोकांच्या नजरेत कितपत यावयाचे, हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते. या निवडीसरशी काही दृश्ये त्याच्या आवाक्यातून बाद झालेली असतात.

याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे दागेरने १८३८ साली घेतलेले पॅरिसच्या बुलेव्हार द्यु तांप्ल या हमरस्त्याचे चित्र. वर्दळीचा हा रस्ता चित्रात ओसाड दिसतो. भिंग काही मिनिटे उघडे ठेवावे लागत असल्याने चालत्या माणसांचा व गाड्यांचा ठसा उमटलाच नाही. जोडे साफ करून घेण्यासाठी एक गृहस्थ थांबून राहिले, म्हणून तेवढे उमटले. त्यावरून त्या दिवशी रस्त्यात शुकशुकाट होता असे अनुमान कोणी काढणार नाही. परंतु आपल्याकडील जुन्या पेठांच्या व घाटांच्या चित्रांवरून अशी अनुमाने सर्रास काढली जातात.

१८५१ साली आर्चरने ओल्या कलोडियनची पद्धती प्रसिद्ध केली आणि प्रवाशापुढे खरा पेच उभा राहिला : कागद की काच? मेण लावलेला कागद आधी तयार करून ठेवता येई, वजनाला हलका असे व फुटण्याची भीती नसे. पण त्याला वेळ अधिक लागे आणि बारीक तपशील कागदाच्या तंतूंत विरून जाई. काचेवर तपशील विलक्षण स्पष्ट येत असे. मात्र काचेवर द्रव ओतणे, चित्र घेणे व ते प्रकट करणे ही सारी कामे द्रव ओला असतानाच उरकावी लागत. त्यासाठी अंधारा तंबू, रसायने व पाणी जागेवर हवे. लिनीअस ट्राइप १८५५ मध्ये ब्रह्मदेशातील आव्याच्या दरबारी गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर निघाला, तेव्हा त्याने कागद निवडला आणि दोनशेंहून अधिक ऋणचित्रे घेऊन परतला. १८६३ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या सॅम्युअल बोर्नने काच पसंत केली. त्याच्या हिमालयातील तीन सफरींत काचा, रसायने आणि तंबू वाहण्यासाठी हमालांचा तांडा बरोबर असे. १८६६ मध्ये सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीतही त्याने हा संसार नेला. निवड त्याची होती, ओझे दुसऱ्यांच्या पाठीवर होते. हमाल ओझी टाकून निघून गेल्याच्या हकीकती त्याने स्वतःच लिहून ठेवल्या आहेत. बोर्नच्या हिमशिखरांचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु त्या दऱ्यांतील लोकजीवन त्याच्या चित्रांत शोधू जाणे म्हणजे यंत्राकडून नसती अपेक्षा करणे होय.

मुंबईचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. येथे १८५४ मध्येच प्रकाशचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात सहभागी होते. याच वर्तुळातील विल्यम जॉन्सन याने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. ही चित्रे प्रथमदर्शनी रस्त्यावरची वाटतात : पुढे माणसांचा घोळका, मागे मुंबईतील एखादे परिचित स्थळ. वस्तुतः माणसे चित्रशाळेत उभी करून टिपलेली आहेत आणि मागील दृश्य स्वतंत्रपणे घेऊन दोन्ही जोडलेली आहेत. जॉन्सनवर लबाडीचा आरोप करण्याचे कारण नाही. चार-पाच जण आणि मागची इमारत उघड्यावर एकदम स्पष्ट उमटविणे त्या सामग्रीला दुर्घट होते. या खंडांतून पागोट्याची बांधणी किंवा लुगड्याची नेसण यांचा पुरावा घेता येईल. पण अमुक जमातीचे लोक अमुक ठिकाणी जमत, हा पुरावा त्यांतून मिळत नाही. बोलीच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित नाही. निवेदकाला कचेरीत बोलावून शब्दांची यादी म्हणवून घेतली, तर शब्द खरे मिळतात, बोलणे मिळत नाही.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. कोरड्या काचांनी तंबूची गरज संपविली, १८८८ मध्ये ईस्टमनच्या कोडॅकने शंभर चित्रांची गुंडाळी पेटीत घातली, आणि १८९० नंतर पॉल मार्टिन लंडनच्या रस्त्यांतून पुडक्यासारखा दिसणारा कॅमेरा काखेत घेऊन हिंडू लागला. निर्णायक बदल मात्र वेट्झलारच्या लाइट्स कारखान्यातील ऑस्कर बार्नाकने घडविला. त्याने चलच्चित्राची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी चालवून २४ × ३६ मिलिमीटरची चौकट साधली. हा लायका कॅमेरा १९२५ च्या लाइपझिग जत्रेत विक्रीस आला. लहान चित्र घेऊन नंतर ते मोठे करावयाचे, ही कल्पना जुन्या जाणत्यांना पोरकट वाटली तर नवल नाही.

दोन निवडींतील अंतर गांधीजींच्या चित्रांत स्पष्ट दिसते. १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट हिने मोठा कॅमेरा व झगझगीत दिवे वापरले. तिने लिहिल्याप्रमाणे तिला तीनच दिव्यांची परवानगी होती आणि पहिले दोन वाया गेले. चरख्यामागे वाचत बसलेल्या गांधीजींचे प्रसिद्ध चित्र या सामग्रीचे फळ आहे : स्थिर, रचलेले, शिल्पासारखे. कार्तिये-ब्रेसाँने १९३२ पासून लायका वापरला, त्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकले आणि प्रायः ५० मिलिमीटरचे एकच भिंग ठेवले. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री बिर्ला भवनाच्या फाटकाशी निधनाची वार्ता सांगणारे पंडित नेहरू त्याच्या चित्रात अस्पष्ट आले आहेत. ती अस्पष्टता दोष खरी. पण रात्रीचा अंधार आणि तेथील क्षोभ यांची साक्ष तीच देते. माझ्या मते इतिहासाच्या अभ्यासकाला हे दुसरे चित्र अधिक मोलाचे आहे.

क्षेत्रपाहणीस निघणारे विद्यार्थी आज कोणता कॅमेरा घ्यावा असे विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा चित्राच्या सुबकतेचा विचार असतो. आठवड्याच्या बाजारात लांब पल्ल्याचे भिंग दुरून चेहरा टिपते, पण भोवतालचा संदर्भ गमावते आणि चोरून पाहिल्याचा संशय निर्माण करते. २८ ते ५० मिलिमीटरच्या दरम्यानचे एकच भिंग व आवाज न करणारा लहान कॅमेरा घेतला, तर माणसांजवळ जावेच लागते, बोलावेच लागते. भाषेच्या अभ्यासकाला तेच हवे आहे. खिशातला फोन याहून हलका व कोणाच्या डोळ्यांवर न येणारा असला, तरी अनेक फोन एका चित्रासाठी पाठोपाठ अनेक चित्रे घेऊन त्यांचे मिश्रण करतात. जॉन्सनचे जोडकाम दिसून तरी येत असे. हे डोळ्यांना दिसत नाही. फोन यंत्राची व भिंगाची नोंद चित्राबरोबर ठेवतो हे खरे, परंतु चित्र संदेशातून पाठविले की ती नोंद पुष्कळदा गळून पडते. क्षेत्रवहीत चित्राच्या क्रमांकापुढे यंत्राचे नाव, भिंगाचे नाभीय अंतर आणि चित्रविषयापासूनचे अंदाजी अंतर, या तीन नोंदी त्याच दिवशी हाताने कराव्यात.