वज्जींची न्यायपद्धती आणि दंडशक्तीची मर्यादा

राज्यसंस्थेला दंड करण्याचा अधिकार असतो, हे प्राचीन भारतीय राजनीतीने गृहीत धरले आहे. परंतु हा अधिकार एखाद्या व्यक्तीपर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याने कोणत्या पायऱ्या ओलांडल्या पाहिजेत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पालि वाङ्मयात या प्रश्नाला मिळालेल्या उत्तराचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

महापरिनिब्बान सुत्ताच्या आरंभी मगधराज अजातशत्रूचा महामात्य वस्सकार राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर भगवंतांकडे येतो व वज्जींवर स्वारी करण्याचा राजाचा मनोदय कळवितो. तेव्हा भगवंत आनंदांना वज्जींविषयी सात प्रश्न विचारतात. वज्जी जे विहित नाही ते लादत नाहीत आणि जे विहित आहे ते मोडत नाहीत, हा त्या सात अपरिहानीय धम्मांपैकी तिसरा होय.

या वचनाचा व्यावहारिक अर्थ आचार्य बुद्धघोषांनी सुमंगलविलासिनी या अट्ठकथेत उलगडून दाखविला आहे. चोर म्हणून कोणास पकडून आणले, तर वज्जी त्यास तत्काळ शिक्षा करीत नसत. त्यास प्रथम विनिच्छयमहामत्तांच्या स्वाधीन केले जाई. ते चौकशी करीत; तो निर्दोष आढळल्यास सोडून देत. दोषी वाटल्यास मात्र स्वतः काहीही निर्णय न देता त्यास वोहारिकांकडे पाठवीत. तेथून सुत्तधर, अट्ठकुलिक, सेनापती, उपराजा आणि शेवटी राजा असा क्रम होता. राजासही तो दोषी आढळला, तर तो पवेणिपोत्थक, म्हणजे परंपरागत दंडग्रंथ, वाचावयास लावी आणि कृत्य त्याच्याशी ताडून तदनुरूप दंड देई.

या रचनेचे मर्म केवळ सात पायऱ्यांत नाही. सातांपैकी प्रत्येकास सोडण्याचा अधिकार होता. दंड करण्याचा अधिकार केवळ शेवटच्यास होता, आणि तोही लिखित ग्रंथाने बांधलेला होता. मुक्ततेस एकाचा निर्णय पुरेसा, शिक्षेस मात्र सातांचे मत आवश्यक! नवे कर व नवे दंड मनमानीने लादले, तर पीडित प्रजा सीमाप्रदेशात जाऊन बंडखोर होते, असेही अट्ठकथाकार सांगतात. म्हणजे ही मर्यादा राज्याला दुर्बल करणारी नसून त्यास टिकविणारी आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

बुद्धघोष हे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. त्यांच्या काळी वज्जींचे गणराज्य लयास जाऊन कित्येक शतके लोटली होती. म्हणून हे वर्णन तपशीलवार इतिहास म्हणून स्वीकारताना सावध राहिले पाहिजे. तथापि त्यामागील विचार उत्तरकालीन नाही. त्याचा आधार मूळ विनयातच आहे. चुल्लवग्गाच्या कम्मक्खन्धकानुसार, भिक्षूच्या अनुपस्थितीत, त्यास न विचारता किंवा त्याच्या कबुलीवाचून केलेले तज्जनीय कम्म अधम्मकम्म ठरते. येथे भिक्षू खरोखर दोषी होता की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. पद्धत चुकली की संघाची कृतीच सदोष ठरते.

सम्राट अशोकाचे उदाहरण याच संदर्भात तपासण्यासारखे आहे. धौली व जौगड येथील स्वतंत्र कलिंग लेखांत कोणासही अकस्मात बंधन वा छळ होऊ नये, असे नगरातील न्यायाधिकाऱ्यांना बजावलेले आहे. चौथ्या स्तंभलेखात व्यवहार व दंड यांत समता असावी असे सांगून मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची सवलत दिली आहे. ही करुणा निःसंशय थोर आहे. परंतु ती राजाच्या आज्ञेतून आलेली आहे. आज्ञा देणारा बदलला की तिचा आधारही बदलतो. वज्जींची मर्यादा मात्र राजालाही बांधणारी होती.

भिक्षुसंघाच्या कार्यपद्धतीचे महत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुरेपूर ओळखले होते. संघाला ठराव, गणपूर्ती व मतमोजणीचे नियम ज्ञात होते, हे त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत आवर्जून सांगितले. त्यापूर्वी, डिसेंबर १९४८ मध्ये, ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द संविधानात घालावेत की नाही यावर सभेत वाद झाला होता आणि अखेर ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हा शब्दप्रयोग कायम राहिला. त्याने विधिमंडळाच्या हाती फार मोठी सत्ता जाते, ही टीका लक्षात घेऊन बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी भरपाई म्हणून नवा अनुच्छेद मांडला. आजचा अनुच्छेद २२ तो हाच. अटकेची कारणे कळविणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे ही बंधने त्यातून आली. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा अपवादही त्याच अनुच्छेदात आहे, हे विसरता येत नाही. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कार्यपद्धती न्याय्य, उचित व वाजवी असली पाहिजे, असा निर्णय दिला.

वज्जींच्या प्रथेतून अनुच्छेद २२ निघाला, असा दावा आम्ही करीत नाही. दोहोंमागील जाणीव मात्र एकच आहे. न्यायप्रक्रिया म्हणजे गुन्हेगारांचे लाड, ही समजूत आज सुशिक्षितांतही आढळते, आणि संशयितास परस्पर शिक्षा झाली की टाळ्या वाजतात. परंतु पकडून आणलेला प्रत्येक जण चोर असतोच असे नाही. ज्यांच्या शब्दाला समाजात वजन नाही, अशांवर संशय सर्वांत आधी येतो आणि त्यांचे निरपराधित्व सर्वांत उशिरा मान्य होते. त्यांच्यासाठी प्रक्रिया हीच करुणेचे संस्थारूप होय. ती मोडताना आनंद मानणाऱ्या समाजाने वज्जींचा तिसरा धम्म पुन्हा एकदा वाचावा.